रूळ घासणारं इंजिन घ्यावं का?

पाऊस उघडला की बागेतली रेल्वे, म्हणजे पितळी रुळांतून वीज घेऊन धावणारी छोटी मॉडेल गाडी, पुन्हा बाहेर निघते आणि माझ्याकडे प्रश्नांची रांग लागते. यंदा बहुतेकांनी एकच विचारलंय, म्हणून त्यातले चार एकत्र घेतो.

प्रश्न (गोडोली, सातारा): जूनपासून गाडी बंद होती. दसऱ्याला काढली तर ठरावीक जागी झटके खाते. रूळ काळेहिरवे पडलेत. रूळ घासणारं इंजिन घेऊ का? बरंच महाग आहे.

उत्तर: घ्या, पण घाई नको. ते इंजिन म्हणजे रोजचा झाडू. चार महिन्यांचा थर त्याच्या गळ्यात मारलात तर त्याची घासचाकं लवकर झिजतील. पहिला हात तुमचाच. काठीला भांड्यांची हिरवी घासणी बांधा आणि एक फेरी मारा. पॉलिश पेपर नको. त्याच्या ओरखड्यांत मळ जास्तच धरतो.

आणि ठरावीक जागीच झटका बसतो म्हणताय, तर मला मळापेक्षा सांध्याचा संशय आहे. गाडी त्या जागेच्या पुढे धावत असताना मल्टिमीटरची एक पिन सांध्याच्या अलीकडे, दुसरी पलीकडे, एकाच रुळाला लावा. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर तो सांधाच वीज खातोय. उघडून घासा, ग्राफाइटची पेस्ट लावा किंवा सरळ स्क्रूचा क्लॅम्प बसवा.

प्रश्न (तासगाव): शेजारी द्राक्षबाग आहे. घासलेले रूळ आठवड्यात पुन्हा काळे. इंजिन उपयोगी पडेल?

उत्तर: तुमच्याकडेच त्याचे पैसे वसूल होतील. फवारणीतलं गंधक आणि पितळेतलं तांबं एकत्र आलं की काळा थर धरणारच. दर रविवारी दोन फेऱ्या मारा.

या इंजिनात दोन मोटारी असतात. एक त्याला हळू चालवते, दुसरी घासचाकं जोरात फिरवते. त्यामुळे सेटसोबतचा 1 अँपिअरचा कंट्रोलर (रुळांना वीज देणारा डबा) कमी पडतो. डबे जोडू नका. आधी पाला झाडा. आणि जागचे हलू नका!

हे शेवटचं मी पाळलं नव्हतं. चहाला आत गेलो, रुळावर शेवग्याची शेंग आडवी पडली आणि इंजिन तिथंच अडलं. घासचाकं मात्र फिरतच राहिली. बाहेर येऊन बघतो तर रुळांखालच्या स्लीपरवर भंडारा उधळल्यासारखी सोनेरी भुकटी. त्या रुळावर आजही नख फिरवलं की खळगा लागतो. तिथं गाडी डुलते, आणि पाहुणे विचारतात, हे मुद्दाम केलंय का?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): आई म्हणते, देवाची भांडी चिंचेनं निघतात, मग रूळ का नाही?

उत्तर: निघतील की. पण तांब्या धुऊन पुसून ठेवता येतो, सांध्याच्या आत फडकं जात नाही. तिथं आंबट राहिलं की महिन्याभरात हिरवं. आईंना नमस्कार सांगा.

प्रश्न (मिरज): रेल्वेतून निवृत्त झालो. जुनी पुणे-मिरज मीटर गेज (दोन रुळांत एक मीटर अंतर असलेली) गाडी बागेत उभी करायची आहे. इंजिनातच बॅटरी ठेवली तर घासणं टळेल ना?

उत्तर: टळेल. वीज रुळातून घ्यायचीच नाही, मग काळे पडेनात का! तुमच्या मनातल्या गाडीला 45 मिलिमीटर अंतराचा रूळ चांगला जुळतो, 1:22.5 प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या साडेबावीस पट लहान मॉडेलात, तो मीटर गेजच होतो. बार्शी लाइट या जुन्या रेल्वेची, रुळांत अडीच फूट अंतर असलेली गाडी याच रुळावर करायची म्हटली तर मात्र प्रमाण मोठं, साधारण 1:17 धरावं लागेल. बॅटरी इंजिनाला लागूनच्या बंद डब्यात ठेवा, चार्जिंगला काढायला सोपी जाते. पाला मात्र तरीही झाडावा लागणार. गँगमन तुम्हीच.