शुगरच्या गोळ्या सोडवणारी एन्झाइम पावडर, आणि आता केस कुणावर करायची

कराडहून एका ताईंनी विचारलंय, थोडक्यात असं. सासरे 68 वर्षांचे, शुगर जुनी. चुलत नणंद एका डायरेक्ट सेलिंग कंपनीची डिस्ट्रिब्युटर, तिने एसओडी (शरीरातलं एक एन्झाइम) आणि ग्लुटाथायोन (शरीरातलंच एक अँटिऑक्सिडंट) असलेली पावडर आणून दिली, पेशींवरचा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे ऑक्सिडेशनमुळे पेशींवर येणारा ताण, जातो, तीन महिन्यांत गोळ्या सुटतात असं सांगून. 3,800 चा डबा, असे सहा घेतले. सासऱ्यांनी गोळ्या बंद केल्या, शुगर 500 च्या वर, आयसीयू, बिल 71,000. वर ताईंनी स्वतः 19,000 चं 'पॅकेज' घेऊन कंपनीचा डिस्ट्रिब्युटर आयडी काढलाय आणि बिल्डिंगमधल्या दोघींना एकेक डबा विकलाय. नवरा म्हणतो घरातली गोष्ट कोर्टात नको.

ताई, पैशाचं नंतर बघू, आधी त्या दोघींना फोन करा. डबे परत घ्या, पैसे परत द्या आणि मेसेज टाका की कुणीही डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नका. कारण तुम्ही आयडी घेऊन माल विकलात म्हणजे त्यांच्या बाबतीत विक्रेत्या तुम्हीच आहात, जे तुम्ही नणंदेबद्दल मला लिहिलंय तेच उद्या त्या तुमच्याबद्दल लिहू शकतात. पण रागाच्या भरात कंपनीवाल्यांचा चॅट ग्रुप सोडू नका आणि काहीही डिलीट करू नका, आधी पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, व्हॉइस नोटसकट.

तुम्ही लिहिलंय की 'ही पावडर बोगस आहे हे सिद्ध करायचंय'. नका त्या वाटेला जाऊ. एसओडी, कॅटालेज ही एन्झाइम्स खरीच आहेत, आपलं शरीर ती स्वतः बनवतं, एसओडीचा शोध 1969 साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात लागला. डायबेटिसमध्ये ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो हेही खोटं नाही, म्हणून तर असा माल खपतो. अडचण एवढीच की एन्झाइम म्हणजे प्रोटीन, तोंडाने घेतलं की पोटात ते डाळीतल्या प्रोटीनसारखंच पचायला लागतं. हे तुम्ही म्हणालात की कंपनी म्हणणार आमचं स्पेशल कोटिंग आहे, मग त्यांचा एक्स्पर्ट, तुमचा एक्स्पर्ट, तारखांवर तारखा. आणि 'अँटिऑक्सिडंट आहे, गुण नाही आला तरी अपाय नाही' असं कुणी ऐकवलं तर 1994 चा फिनलंडमधला अभ्यास सांगा, 29 हजारांवर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर झालेला, ज्यांना बीटा कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट दिलं त्यांच्यात फुफ्फुसाचा कॅन्सर कमी होण्याऐवजी वाढला. पण तेही चहा पिताना, ग्राहक आयोगासमोर (म्हणजे कमिशनसमोर) नाही.

तिथे तुमची केस एका वाक्यावर उभी करा: 'तीन महिन्यांत गोळ्या सुटतील.' अन्नसुरक्षा कायदा 2006 मध्ये अशा सप्लिमेंटची व्याख्याच अशी आहे की ते कुठलाही ठराविक आजार बरा करण्याचा दावा करत नाही. डबा फिरवून बघा, औषधी वापरासाठी नाही असं बारीक अक्षरात लिहिलेलं असेल. कंपनी तेच पुढे करणार, आमच्या लेबलवर सगळं स्पष्ट आहे, डिस्ट्रिब्युटर जास्त बोलली त्याला आम्ही काय करणार. तर डायरेक्ट सेलिंग नियम 2021 प्रमाणे डायरेक्ट सेलरच्या विक्रीतून आलेल्या तक्रारीची जबाबदारी कंपनीवरच येते. आणि ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 86 प्रमाणे विक्रेत्याने स्वतःहून वेगळी हमी दिली आणि माल त्या हमीला उतरला नाही तर विक्रेताही जबाबदार. म्हणून गोळ्या सुटतील असं सांगणारी नणंदेची व्हॉइस नोट हवी. त्या ग्रुपवर कंपनीच्या वरच्या लायनीतल्या लोकांनी टाकलेले व्हिडिओ असतील तर ते त्याहून जास्त कामाचे.

तुम्ही पाठवलेल्या डिस्चार्ज कार्डाचा फोटो मी झूम करून वाचला. त्यात हिस्टरीखाली एक ओळ आहे, 'पेशंटने स्वतःहून गोळ्या बंद केल्या.' समोरचा वकील आधी हीच ओळ उचलणार बघा. कार्डात खाडाखोड करून मागू नका, उलट अंगलट येईल. ज्यांनी ट्रीटमेंट दिली त्या डॉक्टरांना भेटा, भरतीच्या वेळी तुम्ही पावडरबद्दल सांगितलं होतं का, केसपेपरवर त्याची कुठे नोंद आहे का ते विचारा, असेल तर केसपेपरच्या कॉपीज रीतसर अर्ज देऊन घ्या. सासऱ्यांचं प्रतिज्ञापत्र लागेलच, कुणी काय सांगितलं म्हणून गोळ्या सोडल्या ते त्यांच्याच शब्दांत.

बिल नाही, पैसे नणंदेला जीपेवर गेलेत, चालेल. बँकेचं स्टेटमेंट, डब्यांचे बॅच नंबर, डब्यावरचा 14 आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) लायसन्स नंबर, सगळ्याचे फोटो काढा, आणि एखादा न फोडलेला डबा असेल तर तसाच राहू द्या, तपासणीची वेळ आली तर कमिशन तो लॅबला पाठवू शकतं.

आता 19,000. हा हिशोब वेगळा ठेवा, सासऱ्यांच्या तक्रारीत मिसळू नका, कारण पुन्हा विकण्यासाठी घेतलेल्या मालाला तुम्ही 'ग्राहक' ठरत नाही आणि तेवढ्या मुद्द्यावर पूर्ण तक्रारच लोंबकळत पडते. पण त्याच 2021 च्या नियमांत जॉइनिंग फी घ्यायला मनाई आहे, कूलिंग ऑफची, म्हणजे ठराविक मुदतीत करारातून बाहेर पडण्याची, सोय आहे आणि विकण्याजोगा माल कंपनीने परत घ्यायची व्यवस्थाही. पॅकेज म्हणा नाहीतर किट म्हणा, आयडीसाठी पैसे द्यावेच लागले असतील तर ती फीच. कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला, म्हणजे तक्रार अधिकाऱ्याला, मेल करा. मात्र त्याआधी लॉगिन करून ऑर्डर हिस्टरी आणि करार डाउनलोड करा, एकदा आयडी बंद झाला की ते पान काही उघडत नाही.

सासऱ्यांची तक्रार सातारा जिल्हा ग्राहक आयोगात, तुम्ही राहता तिथेच करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. तुमची एकूण खरेदी 5 लाखांच्या आत आहे, फी शून्य, ग्राहक तक्रारींच्या ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही होते. तक्रारदार दोघं, विकत घेणाऱ्या तुम्ही आणि वापरणारे सासरे. डब्याचे पैसे, हॉस्पिटलचं बिल आणि मनस्तापाची भरपाई मागा, आकडा उगाच फुगवू नका. सोबत अन्न व औषध प्रशासनाच्या सातारा ऑफिसला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची लेखी तक्रार द्या, अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 53 खाली 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, तो पैसा तुम्हाला नाही मिळणार पण कंपनी बोलायला लवकर बसते. आजार बरे करण्याच्या जाहिरातींवर बंदी घालणाऱ्या मॅजिक रेमेडीज कायदा 1954 च्या यादीत डायबेटिस आहे आणि त्यात तोंडी जाहिरातही मोडते, पण 'हे औषध नाही, अन्न आहे' असा वाद तिथे लगेच निघतो, म्हणून तो मी दुसऱ्या नंबरवर ठेवते.

राहिली नणंद. मिस्टरांचं म्हणणं मला पटतं, पण अर्धंच. तिला बाजूला ठेवून नुसती कंपनीवर केस केली तर कंपनी पहिल्याच तारखेला म्हणेल विकणारी कुठाय. माझा सल्ला असा की नोटीस कंपनीला पाठवा, त्यात विक्रेती म्हणून तिचं नाव घाला, आणि नोटीस जायच्या आधी मिस्टरांनीच तिच्याशी बोलावं. तिला हे गोळ्या सुटण्याचं कुणी शिकवलं, कुठल्या सेमिनारमध्ये, ते तिने लेखी दिलं तर ती तुमची साक्षीदार होते. नाही दिलं तर तिलाही केसमध्ये प्रतिवादी करा, मग नात्याचं कारण पुढे करू नका. मुदत दोन वर्षांची आहे, सासरे भरती झाले ती तारीख धरून चाला. नोटीशीचा मसुदा पाठवते, त्याआधी चॅट एक्सपोर्टची फाइल मला मेल करा, स्क्रीनशॉट नको.