‘आई पडेल’ म्हणून आईला बसवून ठेवायचं का?

काकूंचं मनगट मोडलं, प्लास्टर निघालं, हाड जुळलं आणि घरच्यांना वाटलं, सुटलो. पुढे पाठ दुखायला लागली म्हणून डॉक्टरांनी डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करायला लावली, तर टी-स्कोअर, म्हणजे त्या घनतेचा आकडा, आला उणे ३.१. तो उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस समजतात, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली. रिपोर्ट आल्यापासून पंचवटीतल्या या काकूंचं चालणं-फिरणं थांबलं. काळारामाचं दर्शन बंद, वाड्याचा जिना बंद, ओट्यापाशी उभं राहणंसुद्धा बंद. मुलाचा प्रश्न सरळ होता : “मॅडम, आईला चालू द्यायचं की नाही, एवढंच सांगा. खुबा मोडला तर आम्ही काय करणार?”

हा प्रश्न मला ज्येष्ठांच्या घरून नेहमी येतो, म्हणून ही हकिकत सांगते आहे. ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत.

मुलाची भीती खोटी नाही. खुबा मोडला की बहुधा ऑपरेशन, मग दुसऱ्याच्या आधाराने काढलेले महिने, आणि पुष्कळ जण त्यानंतर पहिल्यासारखे चालत नाहीत. पण हाडावर भार पडेनासा झाला की ते आणखी विरळ होतं. मांड्यांची ताकद तर काही आठवड्यांतच उतरते. ज्या पडण्याच्या धास्तीने आईला बसवून ठेवलं, ते पडणं बसून राहण्यानेच जवळ येतं. मुलाला हे तोंडी पटेना. मग मी काकूंना त्याच्यासमोर हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं. त्या अर्ध्यावर उठल्या, परत बसल्या. दुसऱ्या खेपेला खुर्चीच्या हातांवर तळवे रोवून उठल्या आणि लगेच भिंत धरली. “दिवाळीत तर आई पाटावरून उठत होती,” मुलगा म्हणाला.

नंतर काकूंशी एकटीने बोलले. घरच्यांसमोर म्हातारी माणसं दुखणं सांगतात, भीती सांगत नाहीत. काकू पडायला घाबरत होत्याच, पण त्याहून जास्त अंथरुणाला खिळून सुनेच्या गळ्यात पडायला. त्यासाठी त्यांनी एक गोष्ट गुपचूप सुरू केली होती : संध्याकाळनंतर पाणीच प्यायचं नाही, म्हणजे रात्री उठायला नको. अंगात पाणी कमी, त्यात रक्तदाबाची गोळी, त्यामुळे पहाटे उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. तोल तिथेच जात होता आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. दिवसभर पाणी व्यवस्थित प्यायचं, झोपण्याआधीच्या दोनेक तासांत कमी करायचं, उठताना आधी काठावर जरा वेळ बसायचं, हे ठरवलं. रक्तदाबाच्या गोळीचं डॉक्टरांना विचारायला मुलाला सांगितलं.

घराचे फोटो मागवले. बाथरूमच्या दारात जुन्या साडीचं विणलेलं पायपुसणं, गुळगुळीत फरशीवर, खाली काहीही न लावता. मनगट मोडलं ते त्याच्यावरूनच घसरून. पायपुसणं मात्र अजून जागच्या जागी! ते काढायला लावलं. कमोडशेजारी भिंतीत पक्का दांडा, पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर दिवा, उंच उंबरठ्यावर पांढऱ्या रंगाचा पट्टा, तळ झिजलेल्या स्लीपर बदलून मागून पट्टा असलेल्या चपला. फार खर्च कशालाच नाही. मोतीबिंदू वाढलाय का ते तपासणं उरलं होतं, तेही केलं.

हाडांच्या औषधाचं वेगळंच निघालं. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी काकूंनी दोनदाच घेतली होती, तीही चहाबरोबर, आणि घेऊन पुन्हा आडव्या झाल्या. छातीत जळजळलं म्हणून सोडली. ही गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढचा अर्धा तास झोपायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही. हे चिठ्ठी देताना कुणीतरी बसून सांगायला हवं, आणि सांगितलं जात नाही याचं मला फार वाईट वाटतं. त्यात एका नातेवाईकाने ‘जबडा सडतो’ असं भरवून दिलेलं. तो त्रास होऊ शकतो, पण ऑस्टिओपोरोसिसच्या मात्रेत अगदी क्वचित. दात काढायचे असतील तर ते आधी उरकावेत आणि दाताच्या डॉक्टरांना औषधाची कल्पना द्यावी. गोळी सोसतच नसेल तर वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं औषधही असतं. काकूंनी डॉक्टरांशी बोलून गोळीच पुन्हा सुरू केली. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सोबतीला हवंच, पण नाचणीची भाकरी आणि दूध एवढ्यावर उणे ३.१ भरून येणार नाही, हेही स्पष्ट सांगितलं.

पाठीच्या एक्स-रेत एक मणका दबलेला दिसला. वरच्या फळीवरचा डबा हाती येईना, याचं कारण तेच; उंची घटली होती. म्हणून फिजिओथेरपिस्टने कमरेतून पुढे वाकायची आसनं आणि भरलेली बादली उचलणं बंद केलं. खुर्चीतून ऊठबस, ओटा धरून टाचा उचलणं आणि रोजचं चालणं सुरू केलं. देवळात काकू आता सुनेबरोबर काठी घेऊन जातात. मुलाला अजून धाकधूक वाटते, पण तो अडवत नाही.

शेवटच्या भेटीत सूनबाई मागे थांबल्या. त्यांची गर्भपिशवी अंडाशयांसकट अडतिसाव्या वर्षी काढलेली. “माझ्या हाडांचं काय?” अंडाशय इतक्या लवकर गेले की हाडं राखणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक एकदम तुटतं आणि हाडांची झीज तेव्हापासूनच वाढते. आमच्या भागात अशा कितीतरी बायका आहेत आणि त्यांना हे कुणी विचारत नाही. ऑपरेशनचे कागद शोधून ठेवा म्हटलं, आणि डेक्सासाठी त्याच डॉक्टरांकडे त्यांचं नाव लिहून दिलं.