गेथशेमानेत घाबरला तो कोण?

प्रश्न : फादर, मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गुड फ्रायडेच्या सुमारास वर्गातल्या मैत्रिणीने विचारलं, "येशू देव होता ना, मग वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रार्थना करताना मरणाला एवढा घाबरला कसा?" मी सांगून टाकलं, घाबरला तो त्याच्यातला माणूस, देव नव्हे. पण रात्री माझं मलाच पटेना. मग येशू दोन होते का? की दुधात साखर विरघळते तसं ते एकजीव झालं?
— एक वाचक, नालासोपारा

उत्तर : पटलं नाही, हे फार बरं झालं. भीती माणसाची, एवढं तुझं बरोबर. देवाच्या स्वरूपाला मरणच नाही, तर मरणाची भीती कुठून? पण घाबरला कोण, असं विचारलंस तर उत्तर एकच: देवाचा पुत्र. मरियेच्या पोटी त्याने जो देह आणि जे मन घेतलं ते अंगरख्यासारखं वरून घातलेलं नव्हतं, त्याचं स्वतःचं होतं. म्हणून ती भीतीही त्याचीच.

दुधात साखर ऐकायला गोड, पण त्यात साखर उरतच नाही. कॅल्सेडन इथे भरलेल्या बिशपांच्या धर्मसभेने 451 साली नेमकं तेच नाकारलं. व्यक्ती एक, स्वभाव म्हणजे स्वरूपं दोन, देवाचं आणि माणसाचं. त्यांची सरमिसळ नाही आणि फारकतही नाही. मी लहान असताना आमच्या आळीत बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायचे. लोखंडाचं कडं गोवऱ्यांच्या जाळात लालबुंद व्हायचं. ठोकलं की लोखंडासारखं वाकायचं, लाकडाला टेकलं की आगीसारखं चटका देऊन धूर काढायचं, आणि कडं मात्र एकच. तापल्या लोखंडाचा दाखला प्राचीन धर्मपंडितही देत. तोही शेवटपर्यंत ताणू नये, पण साखरेपेक्षा पुष्कळ बरा.

तुझ्या मैत्रिणीच्या प्रश्नापायी एका माणसाने जीभ गमावली आहे. सातव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटांना साम्राज्यातले ख्रिस्ती एकत्र आणायचे होते. त्यासाठी, येशूमध्ये इच्छा एकच, ती दैवी, असं मत पुढे आलं. वाद चिघळला तेव्हा 648 साली सम्राटाने त्यावर बोलायचीच बंदी केली. मॅक्सिमस नावाचा वृद्ध संन्यासी गप्प बसला नाही. त्याचं बोट गेथशेमानेतल्या येशूच्या प्रार्थनेवर होतं. "हा प्याला माझ्यापासून दूर कर, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो." माणसाची इच्छा तिथे नव्हतीच म्हटलं, तर "माझी इच्छा" हे शब्द पोकळ ठरतात. मरणापुढे जीव कचरतो, त्यात पाप नाही. कचरणाऱ्या त्याच इच्छेने पित्याला होकार दिला, आणि आपलं तारण तिथे झालं. या हट्टापायी मॅक्सिमसची जीभ आणि उजवा हात कापला. 662 साली तो हद्दपारीतच वारला. पुढे 680-81 च्या धर्मसभेने येशूच्या दोन इच्छा मान्य केल्या.

मला हे सगळं पुस्तकातून कळलं होतं. आत उतरलं ते एका हॉस्पिटलात. आमच्या धर्मग्रामातली एक कोळीण मावशी, ऑपरेशनच्या आदल्या रात्री माझा हात धरून म्हणाली, "फादर, मला भ्या वाटतंय. विश्वास कमी पडला का माझा?" मी लूकच्या शुभवर्तमानातला रक्ताच्या थेंबांसारख्या घामाचा भाग वाचला. तिने विचारलं, "म्हणजे देवाला ठाऊक हाय?" मी म्हणालो, "ऐकून नव्हे मावशी, अंगावर काढून." येशूतला माणूस तेवढा घाबरला आणि देव बाजूला उभा राहिला, असं असतं तर हे उत्तर मला देता आलं नसतं.

मैत्रिणीशी वाद घालू नकोस. दोघी मिळून मार्कचा चौदावा अध्याय वाचा. येशू पित्याला "अब्बा" म्हणतो, ती हाक चारही शुभवर्तमानांत एकदाच आली आहे, आणि ती याच घाबरलेल्या प्रार्थनेत.