बाळंतिणीला आडवं झालं की दम लागतो, थांबावं का?

तुम्ही लिहिलंय की बायकोला बाळंत होऊन 16 दिवस झालेत, दोन्ही पाय सुजलेत, रात्री आडवं पडलं की दम लागतो आणि आई म्हणते, सव्वा महिना असं चालायचंच. दादा, सकाळची वाट बघू नका. आत्ताच 108 ला फोन लावा.

मी बीड जिल्ह्यात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स आहे. तरी माझ्या जावेच्या वेळी माझंच चुकलं. तिसऱ्या आठवड्यात ती पाठीशी गोधड्यांची चवड लावून बाजेवर बसूनच झोपायची. खोकला होता. सासूबाई म्हणाल्या, गार बाधलंय, म्हणून शेगडीत ओवा टाकून मीच तिला धुरी दिली. एका रात्री तिच्या नडगीवर अंगठा दाबला, तर खड्डा पडला आणि बराच वेळ भरून येईना. तेव्हा कुठं माझे डोळे उघडले. अंबाजोगाईत इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. हृदयाचं पंपिंग 30 टक्के. ते 55 च्या आसपास तरी लागतं.

याला पेरिपार्टम कार्डिओमायोपॅथी म्हणतात. नववा महिना लागल्यापासून बाळंतपणानंतर पाच महिन्यांपर्यंत हे कधीही होऊ शकतं, आधी हृदयाचा काहीही त्रास नसलेल्या बाईलासुद्धा. हृदयाचा स्नायू ढिला पडतो, रक्त पुढं ढकलत नाही, फुफ्फुसात पाणी साचतं. म्हणूनच आडवं झालं की जीव घाबरा होतो. वेळेत औषध मिळालं तर पुष्कळ जणींचं हृदय सावरतं. जाऊबाईंचं सावरलं, पण पुढचं बाळंतपण नको, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलंय.

बीपीही मोजायला लावा. डिलिव्हरीच्या वेळी नॉर्मल असलेला बीपी नंतरच्या सहा आठवड्यांतही चढतो. डोकं फुटल्यासारखं दुखणं, डोळ्यांपुढं अंधारी येणं ही त्याचीच लक्षणं. 160/110 च्या पुढं गेला तर झटके येऊ शकतात, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आणि एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर आत रक्ताची गुठळी असू शकते. अंग रगडायला येणाऱ्या बाईला ती पोटरी अजिबात चोळू देऊ नका.

गाडीत वहिनींना आडवं निजवू नका, टेकवून बसवा. बाळाला आणि डिस्चार्ज कार्ड सोबत घ्या. तिथं भेटेल त्या डॉक्टरांना दम लागतो हे सांगायच्या आधी सांगा, "16 दिवसांची बाळंतीण आहे."