पिट्सबर्गला येताय ना, मग मुलाला क्लेमेंटे कोण ते आधीच सांगून ठेवा

ताई, तुम्ही विचारलंय की मिस्टरांना इथल्या ऑकलंड भागातल्या युनिव्हर्सिटीत जॉब लागलाय, ऑगस्टमध्ये येताय, मुलगा नऊ वर्षांचा आणि क्रिकेटवेडा, तर तो इथे रमेल का आणि इथल्या लोकांशी बोलायचं तरी कशावर. घर, शाळा, थंडीचे कपडे सगळं होतं व्यवस्थित, पेन हिल्सला व्यंकटेश्वराचं मोठं देऊळ पण आहे. मी फक्त रॉबर्टो क्लेमेंटेबद्दल सांगते, कारण या गावात कुणाशीही, अगदी शेजारच्या आजोबांशी सुद्धा, बोलणं सुरू करायला तेवढं नाव पुरतं.

पायरेट्स म्हणजे पिट्सबर्गची बेसबॉल टीम, तिचा हा राइट फिल्डर (मैदानाची उजवी बाजू सांभाळणारा), १९५५ ते १९७२, अठराही सीझन याच टीमकडून. मूळचा कॅरिबियनमधल्या प्वेर्तो रिको बेटावरच्या कारोलिनाचा, वडील उसाच्या कामावर. आला तेव्हा इंग्लिश कच्चं, वर रंग काळा, त्यामुळे फ्लोरिडात प्रॅक्टिसला गेल्यावर गोऱ्या खेळाडूंच्या हॉटेलात राहायला मिळायचं नाही, आणि पेपरवाले त्याचे उच्चार जसेच्या तसे छापून खिल्ली उडवायचे. नाव पण परस्पर 'बॉब' करून टाकलं होतं, तो मात्र ठामपणे सांगायचा, मी रॉबर्टो. तुमच्या मुलाचं नाव शाळेत कुणी आखूड करायला लागलं तर त्याला हे नक्की आठवू दे.

खेळ म्हणाल तर बाउंड्रीवरून थेट स्टंपवर फेकणारा फिल्डर डोळ्यासमोर आणा, तसा त्याचा हात होता. बारा गोल्ड ग्लोव्ह (उत्तम फिल्डिंगचा पुरस्कार), चार वेळा बॅटिंगमध्ये लीगमध्ये पहिला, १९६० आणि १९७१ दोन्ही वर्ल्ड सीरिज (बेसबॉलची फायनल मालिका) जिंकल्या आणि दोन्हीतल्या सातही मॅचमध्ये त्याची हिट, म्हणजे बॅटरला बेसवर पोचवणारा फटका, आहेच. ३० सप्टेंबर १९७२ ला ३००० वी हिट मारली, आणि रेग्युलर सीझनमधली त्याच्या कारकिर्दीतली तीच शेवटची ठरली.

कारण २३ डिसेंबरला निकाराग्वात मानाग्वाला भूकंप झाला. याने प्वेर्तो रिकोत मदत गोळा केली, विमानं पाठवली, मग कळलं की तिथले सैनिकच सामान लाटतायत, लोकांपर्यंत पोचतच नाहीये. म्हणाला, मी स्वतः घेऊन जातो. ३१ डिसेंबरच्या रात्री जुनाट, वजनाने खच्चून भरलेलं विमान सान हुआनहून उडालं आणि लगेच समुद्रात कोसळलं. ३८ वर्षांचा होता, देह सापडलाच नाही. लिहिताना आजही गलबलतं मला. गरीब मुलांसाठी क्रीडानगरी उभारायचं त्याचं स्वप्न होतं, ते पत्नी व्हेराने पुढे नेलं, आणि समाजकार्य करणाऱ्या खेळाडूला दरवर्षी मिळणारा लीगचा मोठा पुरस्कार त्याच्याच नावाचा आहे.

तर आल्यावर काय बघायचं. ऑकलंडमध्येच, तुमच्या मिस्टरांच्या कामाच्या आसपास, पायरेट्सच्या जुन्या स्टेडियमच्या, फोर्ब्स फिल्डच्या, भिंतीचा तुकडा उभा आहे, दर १३ ऑक्टोबरला लोक तिथे जमून १९६० च्या फायनलची रेडिओ कॉमेंट्री ऐकतात, मुलाला घेऊन जाच. मॅचच्या दिवशी क्लेमेंटे ब्रिज गाड्यांना बंद असतो, सगळे चालत नदी ओलांडून पीएनसी पार्कला, म्हणजे पायरेट्सच्या आताच्या स्टेडियमला, जातात, तिथली राइट फिल्डची भिंत त्याच्या जर्सीच्या नंबरवरून २१ फूट ठेवलीये. लॉरेन्सव्हिल भागात जुन्या फायर स्टेशनात त्याचं म्युझियम आहे, टूर आधी बुक करावी लागते. आणि १५ सप्टेंबरला क्लेमेंटे डे असतो, त्या दिवशी घरची मॅच असेल तर तिकीट राइट फिल्डच्या बाजूचंच काढा.