‘ऑफशोअर’ आणि आपली कात्री

प्रश्न आलाय: ‘आउटसोर्सिंग’ आणि ‘ऑफशोअरिंग’ दोन्हींना ‘बाह्यस्रोतीकरण’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. काम दुसऱ्या कंपनीला दिलं की आउटसोर्सिंग, दुसऱ्या देशात नेलं की ऑफशोअरिंग. सोसायटीने झाडलोट एजन्सीला दिली, तर ते नुसतं पहिलं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ साली बंगळुरूत स्वतःचंच केंद्र उघडलं, ते नुसतं दुसरं. आणि ‘बाह्यस्रोतीकरण’ ज्याने घडवला, त्याला तो तीनदा भरभर म्हणायला लावा. स्रोत म्हणजे झरा. इथे कुठला झरा? आपल्याकडे चांगला ‘मक्ता’ होता. काम मक्त्याने दिलं म्हणा, संपलं.

माझा खरा राग वेगळाच आहे. भाचा हिंजवडीत बसून फोनवर सांगतो, “मामा, मी अजून ऑफशोअरलाच आहे. ऑनसाइट, म्हणजे तिकडे अमेरिकेत गिऱ्हाइकाकडे जायला, मिळालं की कळवतो.” आमच्या आईला वाटलं, नातू बॉम्बे हायला तेलाच्या विहिरीवर लागला. शब्द तिलाच बरोबर कळला होता! अरे, तू तुझ्या घरापासून चार किलोमीटरवर, आणि स्वतःला मोजतोस अमेरिकेच्या किनाऱ्यावरून?

आता गंमत बघा. ‘शोअर’ म्हणजे जमीन जिथे पाण्यापासून कापली जाते ती कड. मेंढीची लोकर कातरणारा ‘शिअर’ त्याचाच भाऊ असावा, असं मानतात. मला ते शंभर टक्के पटतं. त्या मूळ धातूची आपल्याकडची लेकरं म्हणजे संस्कृत ‘कर्तरी’, म्हणजेच आपली कात्री. आणि मक्ता? अरबीत क-त-अ म्हणजे कापणं. गझल जिथे तुटते, त्या शेवटच्या शेरालाही मक्ताच म्हणतात. अरबीचा नि युरोपाचा काही संबंध नाही, असं पंडित लगेच सांगायला येतील. नाहीच. पण दोन्ही वाटा कात्रीपाशीच निघाल्या ना?

२००४ साली अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांचे आर्थिक सल्लागार ग्रेगरी मॅन्क्यू म्हणाले, कामं अशी परदेशी देणं हा आंतरराष्ट्रीय व्यापाराचाच नवा प्रकार. तिकडे केवढा गदारोळ झाला! हिशेब त्यांचा चूक नसेलही. पण बंद पडणारा दुकानदार समोरच्या नव्या दुकानदाराला वजनं-मापं शिकवत बसत नाही. ‘केटी’त, म्हणजे ‘नॉलेज ट्रान्सफर’मध्ये, जाणारा माणूस आपलं काम नव्याला शिकवतो, तिथे तेच चालतं. भाच्याला तिकडच्या एका माणसाने तीन आठवडे काम शिकवलं, जुन्या खाचाखोचांसकट, अगदी मन लावून. शेवटच्या दिवशी त्याचा कॅमेरा बंद होता. भाच्याने “थँक्यू” म्हटलं, तोवर तो कॉलवरून गेलेला.

हां, मूळ प्रश्न. तेवढ्यात भाच्याचाच फोन आला. आता त्याचं काम मनिलाला चाललंय, नि केटी त्यालाच द्यायची आहे. विचारत होता, “मामा, मनिला म्हणजे आपल्यासाठी ऑफशोअर ना?”

हो रे. आता बरोबर वापरलास.