हातातलं काढून घेऊ नकोस

प्रिय बाळ,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला. सकाळी चहा घेताना वाचला, मग चष्मा पुसून परत वाचला. बालवाडीत तू खिडकीपाशी बसून नुसती बघत राहायचीस, बोलायची नाहीस. त्या मुलीने एवढं मन मोकळं केलं याचं बरं वाटलं, पण वाचून जीव कळवळला गं. शेवटी विचारतेस, "बाई, मी नोकरी सोडू का? मुलांना वेळच देता येत नाही, आणि दिलाच तर तो ओरडण्यात जातो."

नोकरीचं तू आणि तुझा नवरा मिळून ठरवा, त्यात मी पडणार नाही. पण ज्याने तू हैराण झाली आहेस ते तू स्वतःच लिहिलंयस आणि ते तुझ्या ध्यानात आलेलं नाही. सकाळी सातचाळीसला व्हॅन येते, म्हणून धाकटीची बटणं तू लावतेस, बूट तू घालतेस, पोहे तू भरवतेस. संध्याकाळी ती कणकेत हात घालते, म्हणून तिला मोबाइल देऊन बाहेरच्या खोलीत बसवतेस. थोरला अकरा वर्षांचा झाला, स्वतःचं ताट उचलत नाही, काही विचारलं तर 'हं' म्हणतो. त्याचा पवनचक्कीचा प्रोजेक्ट तू रात्री एक वाजेपर्यंत पुठ्ठे कापून पुरा केलास. आणि शनिवारी दोघांबरोबर 'क्वालिटी टाइम' हवा म्हणून नऊशे रुपयांचं हस्तकलेचं खोकं मागवलंस.

अगं, हे सगळं एकच आहे. मुलांच्या हातातलं काढून घेऊ नकोस. मला एवढंच सांगायचं आहे, आणि या पत्रात मी तेच परत परत सांगणार आहे. कंटाळा आला तरी वाच.

आधी धाकटीचं. तू लिहितेस, "तिला बटणं लावता येत नाहीत, रडते." तिला कुणी दाखवलंय का नीट? आपण समोर बसतो, घाईघाईने बोटं फिरवतो आणि म्हणतो, बघ, असं. तिला समोरून सगळं उलटं दिसतं. तिच्या मागे बस, तिला मांडीत घे, म्हणजे तुझे हात आणि तिचे हात एकाच दिशेने चालतील. सगळ्यात खालच्या बटणापासून सुरुवात कर. गळ्याजवळचं बटण हनुवटीखाली जातं, ते तिला दिसतच नाही, आणि आपण नेमकं तिथून सुरू करतो. बटण काजात अर्धं सरकव आणि थांब. उरलेलं अर्धं तिला ओढू दे. अर्धं जमलं की पुढच्या आठवड्यात पुरं जमतं. आणि बटण एक घर चुकून शर्ट वाकडा झाला तर तसाच जाऊ दे शाळेत. काही बिघडत नाही. आरशात बघून तिचं तिलाच कळेल, किंवा नाही कळणार. पण तू हात घालून नीट करू नकोस. त्या क्षणी तिला एवढंच समजतं की आपण केलेलं आईला चाललं नाही.

मारिया मॉन्टेसरी या इटलीतल्या डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९०७ साली रोममधल्या सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, काढलं. एकदा त्यांनी तिथल्या मुलांना नाक कसं साफ करायचं ते दाखवलं. रुमाल कसा धरायचा, फार आवाज न करता, कुणाच्या नजरेत न येता कसं करायचं, एवढंच. मुलं एकटक बघत होती. धडा संपला आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. शेंबड्या म्हणून रोज बोलणी खाणारी ती मुलं. कसं करायचं ते मात्र त्यांना कधी कुणी शांतपणे दाखवलेलं नव्हतं. तुझ्या लेकीच्या शाळेच्या पाटीवर मॉन्टेसरी लिहिलंय, फीसुद्धा त्या नावाची घेतात. शाळेत लाकडी चौकटीवर बटणं लावायला शिकवतात आणि घरी तिच्या अंगातल्या शर्टाची बटणं तू लावतेस. मला याचा राग येतो. तुझा नाही, पण येतो.

आपल्याकडे ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका या बालशिक्षणतज्ज्ञांबरोबर काम करून आल्या. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं, अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये दोघी बोर्डीजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी पाड्यावरच्या मुलांसाठी महागडी साधनं कुठून आणायची? शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तर शाळाच कुरणावर नेली. मी तरुणपणी बालवाडी काढायचं धाडस केलं ते त्यांच्याकडे बघून. माझ्याजवळ दोन खोल्या आणि एक पाण्याचा पिंप होता. साधनं म्हणजे घराघरांतून मागून आणलेल्या तांब्या-वाट्या. तुला आठवतात का त्या? पितळेच्या लहान तांब्यातून वाटीत पाणी ओतायचं, खाली परात. तू दिवसचे दिवस तेच करायचीस.

म्हणून म्हणते, ते नऊशेचं खोकं परत पाठव. येताना मेथीची जुडी आण.

खरंच सांगते. मेथीची जुडी सोड, वर्तमानपत्र पसर, तिला शेजारी बसव. पान अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत धरायचं आणि देठापासून खुडायचं. दुसऱ्या हाताने काडी धरून ठेवायची. तिची पहिली चार पानं फाटतील, पाचव्या वेळी देठासकट येईल, मग एकदम लक्षात येईल कुठे धरलं की अलगद सुटतं. तिचा चेहरा बघ त्या वेळी. पेन्सिल धरायला तीच चिमट लागते. तिच्या शाळेतल्या ताई म्हणाल्या ना, हिची पकड सैल आहे, लिहायचा सराव वाढवा? सराव वाढवू नकोस. मनगटाची हाडं जन्मतः तयार नसतात, वर्षानुवर्षं एकेक करत घट्ट होत जातात. चार वर्षांच्या हातात वही कोंबून ती लवकर होत नाहीत. मेथी निवडू दे, लसूण सोलू दे, कणीक तिंबू दे, पिळे करून रुमाल वाळत घालू दे. तिची पोळी नकाशासारखी होईल. ती भाज, तूप लाव आणि तिच्या बाबाला वाढ. त्याने ती मुकाट्याने खायची, कौतुकाचे चार शब्दसुद्धा नकोत. नुसती खायची.

तू म्हणशील, बाई, वेळ कुठे आहे? हे मला सांगू नकोस. मला वेळ नव्हता तो बघितलायस तू. सकाळी सगळं तिच्यावर सोड असं मी म्हणतच नाहीये. सकाळची एकच गोष्ट निवड. बूट म्हण. बूट तिचे. वेणी तुझी, डबा तुझा, पण बुटाला तू हात लावायचा नाही. दहा मिनिटं आधी उठव आणि त्या दहा मिनिटांत दुसरं काही काम काढू नकोस. डाव्याचा उजवीकडे घातला तरी गप्प बस. महिन्याभराने दुसरी गोष्ट. घाईत काढून घेतलेली पाच मिनिटं वर्षभर रोज भरावी लागतात, हा हिशोब मांडून बघ. तू तर हिशोबाचंच काम करतेस.

माझ्या मुलाचं तुला थोडंफार माहीत आहे. तो नऊ वर्षांचा असताना संध्याकाळी कुकर लावायचा. आधी कित्येक दिवस मी शेजारी उभी राहिले. तांदूळ किती, पाणी बोटाच्या कुठल्या पेरापर्यंत, शिट्टी नीट बसली का, वाफ जिरल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. मग एके दिवशी बाहेर ओसरीवर जाऊन बसले. कान सगळे आत. नात्यातल्या बायका म्हणायच्या, "ही जगाची पोरं सांभाळते आणि हिचं स्वतःचं पोर भात रांधतंय." तोंडावर म्हणायच्या. मला ते लागलं, अजून लागतं. त्याच्या कित्येक संध्याकाळी मी घरी नव्हते. कुठल्या पालकाकडे बसलेले असायचे, नाहीतर बालवाडीची फी मागत दारोदार. तो शाळेतून येऊन काय सांगणार होता ते मला कधी कळलं नाही, कारण मी यायचे तेव्हा त्याला झोप आलेली असायची. ती खंत आहे, ती जायची नाही. पण त्याने कुकर लावला याची खंत मला तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. कुणी काहीही म्हणो. गेल्या पावसाळ्यात माझा पाय मोडला तेव्हा तो आला, ओट्यापाशी उभा राहिला, आमटीला फोडणी दिली, आमसूल टाकलं, मला ताट आणून दिलं. त्याला काही विचारावं लागलं नाही. ज्या बायका बोलल्या होत्या त्यांच्या मुलांना साधा चहा येत नाही. हे मी द्वेषाने सांगत नाही. सांगते कारण तुझ्याही कानावर असलं बोलणं येणार आहे, तुझ्या सासूबाई बोलतीलच, आणि तेव्हा तू कच खाशील. कच खाऊ नकोस.

आता थोरला. त्याच्याबद्दल लिहिताना तुझा सूर चढलेला आहे. "एवढा घोडा झाला, काडीचं काम करत नाही." अगं, त्याच्या हातातलं सगळं तर आपणच काढून घेतलं. तीन वर्षांचा असताना झाडू घेऊन तुझ्या मागे फिरायचा, फोटो पाठवला होतास मला. झाडू काढून घेतला. पाच वर्षांचा असताना पेला फुटला आणि प्लास्टिकचे आले. सातव्या वर्षी पेटी आवरायला वेळ लावतो म्हणून पेटी तू आवरायला लागलीस. आता अकराव्या वर्षी एकदम म्हणतेस, जबाबदारी घे. कुठून घेईल? आणि पवनचक्की? तिला पहिला नंबर मिळाला ना? त्याला तो मिळाल्याचा आनंद झाला का, सांग बरं मला. तू लिहिलं नाहीस. मी सांगते, झाला नसणार. तो बक्षीस तुझ्या हातात देऊन खेळायला गेला असणार.

पुढच्या वेळी प्रोजेक्ट त्याचा. पाती फिरली नाहीत तर न फिरणारी पवनचक्की शाळेत जाऊ दे. बाई रागावल्या तर त्याच्यावर रागावतील. तो ऐकून घेईल, मरत नाही कुणी त्याने.

दिवाळी जवळ आली आहे, सुट्टी लागेल. तुझ्या नवऱ्याने मागच्या वर्षी प्लास्टरचा तयार किल्ला आणला होता, वर मावळे चिकटवलेले. यंदा आणायचा नाही. सोसायटीच्या पार्किंगचा एक कोपरा मागून घ्या. विटा, दगड, दोन जुनी पोती आणि नर्सरीतून लाल माती, एवढं आणून द्या आणि दोघं वर घरी जा. थोरल्याला मित्र गोळा करू दे. दगडविटांची उतरंड, त्यावर ओली पोती, त्यावर मातीचा काला, हे त्याला एकदा तोंडी सांग. हळीव किंवा मोहरी चार-पाच दिवस आधी पेरावी लागते, नाहीतर दिवाळीपर्यंत उगवत नाही, हेही सांग. पेरायची आठवण मात्र करू नकोस. तो विसरला तर किल्ला बोडका राहील, आणि पुढच्या वर्षी विसरणार नाही. बुरूज कलला, पायऱ्या वाकड्या आल्या, गुहेतला वाघ गडाच्या दरवाजापेक्षा मोठा झाला, सगळं चालेल. धाकटी खाली गेली की त्यांच्यात भांडण होणार. 'ताई-दादा' करत मध्ये पडू नकोस. भांडणही त्यांच्या हातातलंच आहे, तेही काढून घेऊ नकोस. रक्त आलं तर खाली जा.

तुझ्या नवऱ्यासाठी हे सगळ्यात अवघड जाईल. बापांना किल्ला दिसला की हात शिवशिवतात. त्याला माझं नाव सांग.

मी कठोर वाटते आहे का? वाटू दे. तू रात्री पावणेबाराला मेसेज करतेस म्हणजे दिवसभर या मुलांचंच मनात घोळत असतं तुझ्या, प्रेम कमी आहे असं मला क्षणभरही वाटलं नाही. प्रेमानेच काढून घेतो गं आपण. लागेल, सांडेल, रडेल, मागे पडेल. बालवाडीत मी पालकांना दाराबाहेर उभं करायचे ते याच कारणासाठी, आणि किती पालक माझ्यावर रुसले ते मोजलेलं नाही. तुझी आई रुसली नव्हती. ती दाराबाहेर उभी राहून तुझ्या चपलेचा पट्टा लागेपर्यंत थांबायची, एकदाही आत आली नाही. कामावर उशीर होत असूनही. विचार तिला.

या आठवड्यात बूट आणि मेथी, बाकी काही नको. रविवारी दुपारी फोन कर, मेसेज नको, एवढं लांब वाचताना माझे डोळे दुखतात. थोरल्यालाही फोनवर दे. त्याच्याशी मला किल्ल्याच्या जागेबद्दल बोलायचं आहे, आणि तो बोलत असताना तू बाजूने उत्तरं द्यायची नाहीत.

तुझी,
बाई